बंद पडेपर्यंत

“खरं सांगा अक्का. ह्याच्यावर पाणी सांडलं का? कुणी पाडला का? नको ते बटण दाबलं का?”

“काही नाही ओ तम्मुडू. कोण दाबणार? घरात आम्ही दोघंच. आपोआप बंद पडलालाय, आपोआप चालू होलालाय.”

आपोआप! हा शब्द कानावर आला की तेव्हा माझं टाळकं सरकायचं. कीबोर्डात चहा सांडलेला असतो, मुंग्या आत-बाहेर करत असतात, आणि मालक तोंड वर करून सांगतो, आपोआप अडकलालंय. डॉक्टरपुढं लोक बोलत नसतील एवढं खोटं कॉम्प्युटरवाल्यापुढं बोलतात. पण मला तम्मुडू, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणणारी नागमणी अक्का खोटं बोलत नव्हती. ते तिच्या तोंडाकडं बघूनच कळत होतं आणि म्हणून माझी चिडचिड जास्त होत होती. घरात चोर सापडला नाही तर संशय माझ्यावर येणार होता, कारण तो कॉम्प्युटर मीच जोडून दिला होता.

माझं दुकान तेव्हा नवीन होतं. आता मी लोकांच्या दुकानांत कॅमेरे बसवतो, कॉम्प्युटरला हात लावत नाही. तेव्हा मात्र सोलापुरात घराघरात कॉम्प्युटर शिरत होता आणि मला वाटायचं, ह्या गावाचं भलं होणार ते माझ्याच हातून. दाजी पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात मी पहिल्यांदा कॉम्प्युटर मांडला तेव्हा अक्काचे यजमान अंबादास येमूल अण्णा शेजारी उभे राहिले होते ते हात मागं बांधून. हात लावू का म्हणून त्यांनी मला विचारलं होतं.

अण्णा चादरीवरची नक्षी काढायचे. लूमला, म्हणजे मागाला, नक्षी आपली आपण कळत नाही. कुठला धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा हे त्याला पुठ्ठ्यांना भोकं पाडून सांगावं लागतं, आणि त्याआधी कुणालातरी ती नक्षी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून काढावी लागते. अण्णांनी तरुणपणापासून तेच केलं. सोलापूरची चादर पांघरून झोपणाऱ्या कितीतरी लोकांच्या अंगावर अण्णांची कमळं आणि पोपट होते आणि अण्णांना नावानं ओळखणारं माणूस गल्लीच्या पलीकडं नव्हतं.

मग कारखान्यांत नवीन मशिनी आल्या. कागदाचं कुणी नाव काढेना, सगळ्यांना कॉम्प्युटरची फाईल पाहिजे. अण्णांची पन्नाशी उलटलेली. तरी ते क्लासला गेले, दहावीच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसले, माऊस धरताना हात थरथरतो म्हणून पोरं हसली ते ऐकून घेतलं, आणि शिकले. ज्या मेरगू शेठकडं त्यांनी आयुष्यभर नक्षी दिली, त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती. बाहेरगावचे खरेदीदार चादरी बघायला येणार आहेत. त्या दिवशी अण्णांची नवी नक्षी शेठच्या मशिनीवर चढली आणि पाहुण्यांना पसंत पडली, तर कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत अण्णांनी बसायचं. नाही जमलं तर शेठ बंगळूरहून फाईल मागवणार होते आणि अण्णांना लूमवर घेणार होते. पाळीभर उभं राहून धागे जोडायचं काम, तेही ह्या गुडघ्यांवर.

नक्षी होती बाभळीच्या झाडाची. फांद्या खाली झुकलेल्या आणि त्यांना सुगरणीची घरटी लोंबकळत असलेली.

“मोर का नाही काढला अण्णा? मोर खपतो,” मी एकदा म्हटलं.

“मोर काय ओ सर, नुसता नाचतो. हा पक्षी आपल्या समाजाचा आहे. विणकर.” आणि एवढं बोलून ते स्वतःच लाजल्यासारखे हसले.

तर हा असा कॉम्प्युटर. काम करता करता स्क्रीन काळी व्हायची, आतला पंखा एकदम आवाज बदलायचा आणि सगळं पहिल्यापासून सुरू. कधी दिवसातून दोनदा, कधी सकाळपासून दहा वेळा. अण्णांनी जेवढं जपून ठेवलेलं नसेल तेवढं गेलं. “फांदी गेली सर,” एवढंच ते फोनवर म्हणायचे. शेजारच्या बूथवरून केलेला तो फोन मला नकोसा व्हायला लागला.

पहिल्या खेपेला मी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवरचं झेंडूचं फूल उचलून बाजूला ठेवलं, झाकण काढलं आणि बघतो तर पंख्यात तपकिरी धूळ भरलेली. बोटाला लावून हुंगली. तंबाखू. नागमणी अक्का त्याच खोलीत बसून विड्या वळायची. पेठेतल्या निम्म्या बायका वळतात तशीच, मांडीवर सूप घेऊन.

“सापडला चोर!” मी म्हणालो. “अक्का, आजपासून इथं विड्या वळायच्या नाहीत. ह्याला तंबाखूचा त्रास होतो.”

“माणसासारखंच आहे की ओ हे,” अक्का म्हणाली आणि तिनं सूप उचलून दारात नेलं. दारात चैत्राचं ऊन होतं. डोक्यावर पदर घेऊन ती तिथं वळत बसायला लागली. कॉम्प्युटर तीन-चार दिवस बरा चालला आणि परत बंद पडला.

दुसऱ्या खेपेला मी लाईटवर संशय घेतला. बॅटरीचा यूपीएस आणून बसवला, वायर बदलली, आणि सांगितलं की कॉम्प्युटर चालू असताना मिक्सर लावायचा नाही. अक्कानं माळ्यावरचा पाटा खाली काढला. तिसऱ्या खेपेला उष्णता. सोलापूरचा उन्हाळा, आत हात घातला तर चटका बसत होता. घरात एकच टेबलफॅन होता तो मी कॉम्प्युटरकडं वळवून ठेवला. मग दोघं नवरा-बायको घामानं डबडबलेले आणि तो निर्जीव खोका वारा खातोय, असं मी आलो की बघायचो. चौथ्या खेपेला शेजारच्या भिंतीवर संशय घेतला. पलीकडं लूम चालायचे, त्यांच्या दणक्यानं इकडं कपाटातली भांडी वाजायची. आतलं काहीतरी हलून ढिलं होत असेल म्हणून मी कॉम्प्युटरखाली मऊ काहीतरी घालायला सांगितलं. अक्कानं स्वतःच्या अंथरुणातली गोधडी काढून दिली.

मध्ये दोनदा मी कॉम्प्युटर उचलून दुकानात नेला. तिथं त्याला काही म्हणता काही झालं नाही. माहेरपणाला आल्यासारखा हसतखेळत राहिला. रात्रंदिवस चालू ठेवला, आतले भाग बदलून बघितले, चापट्या मारून बघितल्या. ढिम्म. परत दाजी पेठेत नेला की त्याचा सासुरवास सुरू. मी हात टेकले होते, पण तसं तोंडानं म्हणायची सोय नव्हती.

“दुसरा जोडून देतो अण्णा, हा राहू द्या,” मी एकदा म्हणालो.

“दुसरा कुठनं ओ सर? हाच कसा घेतलाय ते हिला विचारा.”

अक्कानं गळ्याकडं हात नेला. तिथं काळी पोत होती, बाकी काही नव्हतं.

“मी पण करलालेय की माझ्या परीनं,” ती मला धीर द्यायला म्हणाली. “शनिवार धरलाय. बालाजीला बोललेय, मार्कंडेयाला नारळ बोललेय. त्याची पण पूजा रोज करते, सकाळी उठल्या उठल्या, ह्यांनी चालू करायच्या आधी. तुम्ही आतनं बघा, मी बाहेरनं बघते.”

मला हसू आलं. म्हटलं, चला, निदान एक तरी इंजिनीअर हाताखाली मिळाला.

खरेदीदार यायचा दिवस उजाडला तेव्हा नक्षी पूर्ण झाली होती. कशी झाली ते अण्णांनाच ठाऊक. एकेक फांदी चार-चार वेळा काढली होती त्यांनी. राहिलं होतं एकच काम. ती नक्षी मशिनीला समजेल अशा फाईलमध्ये बदलायची. ते काम कॉम्प्युटर स्वतःच करतो. आपण बटण दाबायचं आणि स्क्रीनवर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडं सरकताना बघत बसायचं. पट्टी भरली की काम झालं. पण हे मध्येच थांबवता येत नाही, मध्येच जपून ठेवता येत नाही, आणि त्या काळच्या त्या कॉम्प्युटरला अर्धा दिवस लागायचा. आदल्या दिवशी दोनदा लावलं होतं आणि दोन्हीदा मध्येच बंद पडलं होतं.

मी पोहोचलो तेव्हा अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीवर बसले होते. पहाटेच लावलं होतं त्यांनी. पट्टी बरीच पुढं आली होती.

“चाललंय ओ सर,” ते हळू आवाजात म्हणाले, जसं काही झोपलेलं मूल जागं होईल. “एकदा पण नाही पडला.”

“पडणार नाही. आज नाही पडणार.”

“मी कारखान्यात जाऊन बसतो. पाहुणे आलेत. शेठ म्हणाले, जेवणं होईपर्यंत मी त्यांना धरून ठेवतो, पण जेवणाच्या पुढं नाही. तुम्ही हलू नका इथनं. पट्टी भरली की सीडी काढा आणि गाडीवर तसेच या.”

“तुम्ही जावा निवांत.”

दारात ते थांबले. “हात लावू देऊ नका कुणाला,” म्हणाले. आणि सायकल काढून अक्कलकोट रोडकडं गेले. घरात मी आणि अक्का. शेजारी लूम धडधडत होते. पंख्याचं तोंड कॉम्प्युटरकडं. मी खुर्चीत बसून त्या पट्टीकडं बघत होतो. बघून ती लवकर सरकत नाही हे माहीत असूनसुद्धा नजर हलत नव्हती.

अक्का आत-बाहेर करत होती. एकदा पाणी दिलं, एकदा चहा दिला. मग माझ्यामागं येऊन उभी राहिली.

“किती राहिलंय?”

“थोडं. जेवायच्या आत होतंय बघा.”

“झालं का मग त्यांचं? खुर्चीवर बसायचं काम?”

“पसंत पडलं की झालं. आणि पडणारच. असली नक्षी मी बघितली नाही अक्का.”

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, “आज पूजा राहिलीय ओ त्याची. हे पहाटेपास्नं इथनं उठलेच नाहीत, मला जवळ जाताच आलं नाही. आजच राहावी का?”

“करा की मग. त्याला काय होतंय.”

ती तोंड धुऊन आली. ताट घेऊन आली. ताटात हळद, भिजवलेलं कुंकू, अक्षता, दोन झेंडूची फुलं. उदबत्ती ओवाळून खिडकीत खोचली. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला दोन बटणं होती. एक मोठं, दिवा असलेलं, चालू करायचं. त्याच्याखाली एक बारकं. मोठ्याला तिनं हळद लावली. मग अनामिकेवर भिजलेलं कुंकू घेतलं, डोळे मिटले, आणि लहान पोराच्या कपाळाला लावतात तसं, जरा दाबून, ते बारक्या बटणाला लावलं.

टक्.

स्क्रीन काळी झाली. पंख्यानं आवाज बदलला.

“अय्यो! परत!” अक्का किंचाळली. “बघा तम्मुडू, परत आपोआप!” आणि घाईघाईनं तिनं परत कुंकवात बोट बुडवलं आणि परत त्याच जागी लावायला गेली.

“हात काढा अक्का.”

“अपशकुन झाला ओ, पूजा अर्धी...”

“हात काढा म्हणतो ना!”

ती दचकून मागं सरकली. मी कॉम्प्युटर बंद केला, पुढचं तोंड खोलायला लागलो. घाईत स्क्रू खाली पडत होते. इतक्या खेपा झाल्या, मी त्याचं आतडं न् आतडं बाहेर काढलं होतं, पण पुढचं तोंड कधी खोललं नव्हतं. त्यात खराब होण्यासारखं काय असतं? दोन बटणं आणि दोन वायरी.

खालचं बारकं बटण रीसेटचं असतं. दाबलं की कॉम्प्युटर जागच्या जागी पडतो आणि परत उठतो. त्या बटणाच्या मागं, फटीत, वाळलेल्या हळदीकुंकवाचा थर बसला होता. त्यात अक्षतांचे दाणे रुतलेले. बटण पूर्ण बाहेर यायचंच नाही, अर्धं दाबलेलं राहायचं, आणि शेजारच्या लूमचा एखादा जोरातला दणका बसला की उरलेलं अर्धं दाबलं जायचं. माझ्या दुकानात पूजा नव्हती आणि शेजारी लूमही नव्हते.

ते कुंकू मला प्रत्येक खेपेला दिसत होतं. पण सोलापुरात कुंकू कुठं नसतं? लूमला असतं, रिक्षाला असतं, पिठाच्या गिरणीला असतं. दसऱ्याला माझी आई माझ्या पक्कडीला लावायची. आमच्याकडं कुंकू दिसतं म्हणजे काही दिसतच नाही.

मी खाली पेपर पसरला आणि टोकदार स्क्रू ड्रायव्हरनं तो थर खरवडायला लागलो. लाल-पिवळा चुरा पेपरवर पडत होता, मध्येच एखादा तांदळाचा दाणा. अक्का समोर बसून बघत होती. मला वाटलं, हिनं काही विचारू नये.

“हे माझं आहे,” ती म्हणाली.

मी खरवडत राहिलो.

“तम्मुडू, हे मी लावलेलं आहे ना?”

“धूळ असते अक्का. सगळं मिळून होतं.”

“धूळ लाल असते का?”

तिनं पेपरवरचा चुरा बोटानं गोळा करून एका जागी केला, सांडलेलं पीठ गोळा करतात तसा.

“बंद पडायचा म्हणून मी जास्त लावायला लागले,” ती म्हणाली. “आधी नुसता टिळा लावायचे. मग म्हटलं आपलंच कमी पडतंय. मग अक्षता पण चिकटवायला लागले. शनिवारी दोनदा लावायचे.” तिचा आवाज अगदी सरळ होता. “जेवढा बंद पडायचा तेवढं लावायचे.”

मी त्या बटणाची वायर उपसून टाकली. आता ते बटण कुणी हातोड्यानं ठोकलं तरी काही होणार नव्हतं. तोंड परत बसवलं, कॉम्प्युटर चालू केला, अण्णांची नक्षी उघडली. नक्षी शाबूत होती. हिरवी पट्टी परत पहिल्यापासून लावली.

“आता कधी होईल?”

“संध्याकाळ होईल.”

“आणि जेवणं?”

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. “जेवणं होत आली असतील,” मी म्हणालो.

अण्णा आले ते सायकल भिंतीला टेकवायची सोडून तशीच आडवी टाकून आत आले. शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी आधी माझ्या हाताकडं बघितलं. हातात सीडी नव्हती. मग स्क्रीनकडं बघितलं. पट्टी अजून डावीकडच्या काठालाच होती.

“पडला?”

“पडला अण्णा.”

ते खाटेवर बसले. अक्कानं पाण्याचा तांब्या पुढं केला तो घेतला आणि पाणी न पिता तसाच मांडीवर धरून ठेवला.

“गेले ते,” म्हणाले. “शेठनी वाट बघितली, नाही असं नाही. मग बंगळूरची फाईल लावली. बरी होती. मोर होता.” मग म्हणाले, “पसंत पडली. शेठ म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका अंबादास, सोमवारपास्नं लूमवर या. दिवसपाळी देतो म्हणाले. ओळखीचे आहेत म्हणून दिवसपाळी.”

मग अक्का म्हणाली, “मी पाडला.”

“काय?”

“कॉम्प्युटर. आज मी पाडला. ह्यांनी बघितलं. आणि आजच नाही, पहिल्यापास्नं मीच पाडत होते. कुंकू लावून लावून. बटणात जाऊन बसलं होतं. ते बघा तिथं.”

तिनं पेपरकडं बोट केलं. अण्णा उठले, पेपरजवळ उकिडवे बसले. लाल-पिवळ्या चुऱ्यातला एक दाणा उचलून त्यांनी चिमटीत चोळला, धाग्याचा पोत बघतात तसा. त्यांनी आयुष्यभर एकेक चौकोन मोजून रंगवला होता. त्यांना मी काही समजावून सांगायची गरज नव्हती. दाणा त्यांनी परत पेपरवर टाकला. उठून उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा झाला होता.

“येडी काय तू?” ते ओरडले. “लूमला आपण कुंकू लावत नाही का? तुझ्या सासऱ्यानं लावलं, त्याच्या बापानं लावलं. कधी लूम बंद पडला? कुंकवानं कुठं मशीन बंद पडतं का?”

“ह्यांनीच काढलं ना आतनं...”

“ह्यांना काय कळतंय? ह्यांना काही येत नाही!” ते माझ्याकडं वळले. इतके दिवस फांदी गेली म्हणून हळू सांगणारा माणूस माझ्या अंगावर धावून आल्यासारखा आला. “आधी तंबाखू म्हणाले, मग लाईट म्हणाले, मग ऊन म्हणाले. आता सापडलं नाही काही तर बाईमाणसाच्या कुंकवावर ढकललालाव? माल कसला घातला तुम्ही आत? सांगा की तिला! तोंड नाही का तुम्हाला?”

त्यांची नजर माझ्यावर रोखलेली होती आणि त्या नजरेत राग नव्हता. हात जोडलेले असतात तशी होती ती.

“माल हलका होता अक्का,” मी म्हणालो. “अण्णा म्हणतात ते खरं आहे. आतला बोर्डच खराब आहे. पहिल्यापासूनच होता. कुंकवाचा काही संबंध नाही. मी आपलं काहीतरी बोललो.”

“तुम्ही काहीच बोलला नाही,” अक्का म्हणाली. “मी बोलले.”

“ऐकलंस ना? बोर्ड खराब आहे,” अण्णा म्हणाले. “आता परत बंद पडेल बघ. आत्ता, तुझ्यासमोर. पडला की मग तरी कळेल तुला? तू हात लावला नाहीस, कुंकू लावलं नाहीस, तरी पडेल. बस इथं. बघ.”

अक्का बसली. कॉम्प्युटरसमोर जमिनीवर, गुडघे जवळ घेऊन. अण्णा खुर्चीवर बसले. मी खाटेच्या कडेवर टेकलो. आणि आम्ही तिघं तो कॉम्प्युटर बंद पडायची वाट बघायला लागलो.

मी घरी जायला पाहिजे होतं. पण निघालो असतो तर बोर्ड खराब आहे ह्या गोष्टीला साक्षीदार उरला नसता. शेजारचे लूम आदळत होते, कपाटातली भांडी वाजत होती. आदल्या दिवशी दोनदा पडला होता, त्याआधी सकाळपासून दहा-दहा वेळा पडला होता, मग आज एकदा पडायला काय हरकत होती? मी स्वतः दुरुस्त केलेली वस्तू बिघडावी म्हणून मनातल्या मनात मार्कंडेयाला हात जोडले. नारळ बोललो. पट्टी सरकत होती. इतकी सुरळीत ती कधी सरकली नव्हती. पंख्याचा आवाज एकसारखा होता. पट्टीच्या वर बाभळीचं झाड दिसत होतं, फांद्या झुकलेल्या, एकेका फांदीला एकेक घरटं.

“पडेल,” अण्णा एकदा म्हणाले.

“पडतो अजून,” मी म्हणालो.

अक्कानं एकदा उठून टेबलफॅन नवऱ्याकडं वळवला आणि परत जागेवर येऊन बसली. वारा गेला तरी कॉम्प्युटर चालत राहिला. पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली. पाळी बदलली, पलीकडचे लूम थांबले आणि परत सुरू झाले. दारातलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती नुसती त्या पट्टीकडं बघत होती आणि पट्टी जसजशी पुढं जात होती तसतसे तिचे खांदे खाली येत होते. अण्णा ते बघत होते. त्यांच्याच्यानं ते बघवत नव्हतं.

यूपीएस टेबलाखाली जमिनीवर होता. त्याचं बटण पुढच्या बाजूला, दाबलं की कॉम्प्युटर बंद. मला अण्णांचा पाय दिसला. चप्पल काढलेला, भेगा पडलेला पाय, खुर्चीखालून थोडा थोडा पुढं सरकत होता. त्यांचं तोंड सरळ स्क्रीनकडं होतं. मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. अंगठा बटणाजवळ पोहोचला.

“पाय लावू नका,” अक्का म्हणाली. तिनं मान वळवली नव्हती. “लक्ष्मी आहे ती.”

अण्णांनी पाय मागं घेतला. दिवेलागणीला पट्टी पूर्ण भरली तेव्हा आम्ही तिघंही तिथंच बसलेलो होतो.